मांजर राखायचं तर आधी शेजार राखजो

पोरी, कामठीच्या गल्लीतली मांजरी कुणा एका घरची नसते. जेवते तुझ्या ओट्यावर, झोपते विणकराच्या मागाखाली, घाण करते शेजारणीच्या तुळशीच्या कुंडीत आणि रात्री ओरडते तिसऱ्याच्या कौलांवर. म्हणून पहिली वाटी ठेवण्याआधी डाव्या-उजव्या दोन्ही घरी जाऊन बोलजो. भांडणं मांजरीमुळे कमी होतात, न विचारता टाकलेल्या खाण्यामुळे जास्त.

या गावाला मांजरी लागतेच. १८२१ साली छावणी बसली, पुढे विणकर आले, विडीचं काम वाढलं. सुताला खळ असते, खळीच्या वासाला उंदीर येतात आणि एका रात्रीत ताणा कुरतडून ठेवतात. मोहल्ल्यातल्या जुन्या बाया मांजरीला हाकलत नाहीत. तिने तोंड लावलेलं पाणी नापाक होत नाही, असं मुसलमान घरांत मानतात. आपल्याकडे मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं, असं सांगतात. आडवी गेली म्हणून मात्र दगड नको उचलू. तीही आपल्याच वाटेने जात असते.

खाणं रोज एकाच वेळी, एकाच जागी आणि उजेड असताना देजो. वीस मिनिटांनी वाटी उचलून जागा धुऊन टाकजो, म्हणजे घुशी आणि मुंग्या येणार नाहीत. दूध नको देऊ. मोठ्या मांजरांना ते बहुधा पचत नाही, हगवण लागते आणि मग शेजारीण तुझ्या दारात उभी राहते. भात-मासा दे, पण हळद-मीठ-कांदा न घालता. कांदा-लसूण तिला विषासारखाच. माणसाच्या तापाची गोळी तर कधीच नाही; पॅरासिटामॉलने मांजर मरतं. कुत्र्याचं गोचिडांचं औषधही तिला लावू नको.

उन्हाळा लागायच्या आधी एक काम विसरू नको. कूलर बाहेर काढला की लगेच पाणी भरू नको. जाळ्या काढून आत हात घालून बघजो. सहा महिने अडगळीत पडलेल्या कूलरच्या गवतात मांजरी हमखास वीते. आत पिल्लं दिसली तर कूलर आहे तिथेच राहू दे. ती सात घरं फिरवते म्हणतात ना, तशी चार-आठ दिवसांत स्वतःच उचलून नेईल. पिल्लं एकटी दिसली तरी उचलू नको, आई शिकारीला गेलेली असते. दूर बसून दोन-तीन तास वाट पाहजो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, तेव्हा सावलीत मातीचं परळ पाण्याने भरून ठेव. हिवाळ्यात गाडी सुरू करण्याआधी बोनेटवर थाप मारजो. गरम इंजिनाजवळ ती शिरते.

आता खरी गोष्ट ऐक. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येते, नऊ आठवड्यांत वीते आणि वर्षात दोन-तीनदा. एकीच्या दहा होतात आणि मग कुणीतरी पोत्यात घालून कन्हान पुलापलीकडे सोडून येतं. उपाशी-तहानेलं मरेल असं जनावर सोडून देणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. शिवाय त्याने काही साधत नाही. उंदीर आणि उकिरडा तसाच असला की रिकाम्या जागी दुसरी येते. ऑपरेशनच करायचं. नागपूरला सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे आधी विचारून घे. पिंजरा आठवडाभर आधी आणून उघडाच ठेव आणि खाणं त्यातच दे, म्हणजे नेण्याच्या दिवशी ओढाताण होत नाही. आदल्या रात्री उपास किती, हे डॉक्टरांनाच विचार. कानाचं टोक छाटून घे, म्हणजे हिचं झालंय हे साऱ्या गल्लीला लांबूनच कळतं. खर्चासाठी शेजारणींकडे हात पसरायला लाजू नको. दहा-वीस रुपये दिलेली बाई त्या मांजरीवर दगड उचलत नाही.

ओरबाडलं किंवा चावलं तर ओळखीची आहे म्हणून सोडून नको देऊ. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, हळद-चुना लावायचा नाही आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची सुई. शेजारच्या लेकराला लागलं तर त्याला घेऊन तू स्वतः जाजो.