सगळं वाजवतो, पण ओळखणार कोण?

आमच्या धंद्यात ‘सगळं वाजवतो’ ही शाबासकी समजतात. आगरी-कोळी, लावणी, भीमगीतं, नाशिक ढोल, गरबा, हिंदी, पंजाबी, हाऊस... पेन ड्राइव्ह गच्च भरलेला असतो. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत वाजवत आलेला माणूस म्हणून सांगतो, इकडे सगळं वाजवता आलंच पाहिजे, त्यात कौतुक काही नाही. एका हळदीला घरची आगरी किंवा कुणबी मंडळी, शेजारच्या पाड्यावरचे ठाकर, बौद्धवाडीतले दोस्त आणि नवरदेवाचे कल्याण-ठाण्याचे कंपनीतले मित्र असे सगळे एकाच मांडवाखाली येतात. एकच प्रकार धरून बसणारा मुंबईच्या एखाद्या क्लबात खपेल, सरळगावात नाही. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. सगळं वाजवूनही हा अमक्याचाच साऊंड, हे लांबून ऐकणाऱ्याला कसं कळावं?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. गाण्यांची यादी कितीही लांबवली तरी शैली त्यात सापडत नाही. एका गाण्यावरून दुसऱ्यावर तुम्ही कसे जाता, कुठे थांबता आणि कशाला हात लावत नाही, यात ती असते. माझी बरीच वर्षं आणि बरेच पैसे हे कळण्यात गेले. नव्या पोरांचे वाचावेत म्हणून हा प्रपंच.

रेडीमेड पॅक

नेटवर ‘हळदी स्पेशल’ नावाचे पॅक फुकट मिळतात. तेच रिमिक्स खर्डीपासून धसईपर्यंत सगळ्यांकडे असतात. किन्हवलीच्या बाजूला एका हळदीत नाच ऐन रंगात आला होता. तेवढ्यात माझ्याच साऊंडमधून दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुणा डीजेच्या नावाची आरोळी आली, कारण रिमिक्स करणाऱ्याने आपलं नाव गाण्याच्या मधोमध ठोकून ठेवलं होतं. पोरं हसली. नवऱ्याचा मामा टेबलाजवळ येऊन म्हणाला, “हा कोण रं? यालाच बोलवला असता ना!” मामाचं बोलणं चेष्टेतलं होतं, पण हिशेब बरोबर होता. माल त्याचा, कष्ट त्याचे, मग नावही त्याचंच होणार.

तेव्हापासून मूळ गाणी विकत घेतो आणि कापाकापी स्वतः करतो. सुरुवात थोडी लांबवायची, नकोसं कडवं काढायचं, शेवट मोकळा ठेवायचा, एवढंच. त्यासाठी स्टुडिओ लागत नाही, साधा लॅपटॉप पुरतो. गाणं 320 केबीपीएसचं घ्या. 128 ची फाईल मोबाईलवर गोड लागते, पण मोठ्या टॉपवर तिच्या झांजांचा नुसता खरखराट होतो.

सहाचा ठेका, चाराचा ठेका

बऱ्याच कोळीगीतांचा ठेका सहाचा, दादऱ्याच्या अंगाचा. हाऊस, पंजाबी आणि नाचाची बहुतेक हिंदी गाणी चाराची. सिंकचं बटण दाबलं की स्क्रीनवर दोन्हींचे आकडे जुळलेले दिसतात आणि मांडवात पाय अडखळतात. बायका तर सरळ थांबतात. सॉफ्टवेअर आकडा जुळवतं, ठेका जुळवत नाही. कधी ते 90 बीपीएमच्या गाण्याला 180 चं समजतं. प्रल्हाद शिंद्यांच्या काळातली गाणी वादकांनी एकत्र बसून वाजवलेली आहेत. त्यांची लय मधेच किंचित पुढे जाते, किंचित मागे येते. अशा गाण्यांची बीटग्रिड हाताने बसवावी लागते. त्यांचा वेग सहा-आठ टक्क्यांपलीकडे ताणू नका. की-लॉक असलं तरी गायकाचा गळा बिघडतो, आणि तो गळा ऐकायलाच तर म्हातारी माणसं बसलेली असतात.

सहाकडून चाराकडे जाताना गाण्यावर गाणं चढवू नका. पहिलं पुरतं संपू द्या, नुसती ढोलकी किंवा टाळ्या ठेवा, माणसांना दम घेऊ द्या, आणि नवा ठेका समेवर सुरू करा. या मधल्या जागेसाठी मी गावातल्याच एका ढोलकीवाल्याकडून दोन्ही ठेक्यांचे तुकडे वाजवून घेतले. त्याचे पैसे दिले, आणि हे सगळीकडे वापरीन हे त्याला आधी सांगितलं. पुढे झालं असं, की ती ढोलकी वाजली की लोक माझा साऊंड ओळखू लागले. दोन गाण्यांमधल्या रिकाम्या जागेने जी ओळख दिली, ती पेन ड्राइव्हमधल्या ढीगभर गाण्यांनी दिली नव्हती.

स्क्रीन सोडा, पाय बघा

वारली पाड्यावर तारप्याचा नाच बघितलाय ना? तारपावाला नाचणाऱ्यांच्या रिंगणात असतो. त्याने चाल बदलली की सगळ्यांचं पाऊल बदलतं, आणि कधी बदलायची हे तो त्यांच्याकडे बघून ठरवतो. आम्ही टेबलामागे उभे राहून लॅपटॉपमध्ये डोकं घालतो.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये 11 ऑगस्ट 1973 रोजी बहिणीच्या पार्टीत वाजवणाऱ्या कूल हर्कचं नाव हिपहॉपच्या जन्माशी जोडतात. तो मूळचा जमैकाचा. त्याच्या लक्षात आलं, की गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा कधी येतोय याची नाचणारी पोरं वाट बघतात. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लावून तो तेवढाच तुकडा लांबवू लागला. गाणी तीच जुनी होती, पण कुणाचा पाय कुठे उचलतो हे त्याने बघितलं. आपल्याकडे न्यूक्लिया या डीजेने रस्त्यावरच्या बँडचा आणि मिरवणुकीचा आवाज उचलून त्याचं इलेक्ट्रॉनिक संगीत केलं आणि 2015 साली ‘बास रानी’ हा अल्बम गणपतीच्या मिरवणुकीत वाजवला. ज्या आवाजाला आपली पोरं गावठी म्हणतात, तोच त्याचं भांडवल झाला.

पाय असे बघता यावेत म्हणून दोन सवयी लावून घ्या. वाजवलेलं सगळं रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी एकट्याने ऐका. नाचणारे कुठे पांगले ती जागा आठवते, आणि कारण बहुतेक वेळा तिच्या आधीच्या गाण्यात असतं. दुसरं, फोल्डर प्रकारावरून न लावता प्रसंगावरून लावा. हळद लागताना, जेवणाच्या वेळी, पोरांचा नाच, बायकांचा नाच, वरात. एकाच फोल्डरमध्ये लावणीशेजारी हाऊस आलं की कुठलं कुणाला लागून शोभतं हे आपोआप सुचायला लागतं. पौष पौर्णिमेला म्हसाच्या जत्रेत एक संध्याकाळ नुसती ऐकण्यासाठी काढा. बैलबाजारापासून पाळण्यांपर्यंत चालत जा आणि गर्दी कुठल्या आवाजापाशी रेंगाळते ते बघा.

फेडर खाली घ्यायची वेळ

आगरी लग्नात धवलारीण धवला गाते. त्या वेळी डीजेने हात बांधून उभं राहावं. पूर्वी आम्ही पोरं तिच्या गाण्याखाली हळूच बीट सरकवायचो, आधुनिक वाटेल म्हणून. एका आजीने मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, “बाला, तिचं गाणं म्हंजे लगीन हाय, तुझं गाणं म्हंजे मजा.” इतका नेमका धडा मला कुठल्या व्हिडिओत मिळाला नाही. आता मी धवलारणीला चांगला माईक देतो आणि बाकीचे सगळे चॅनल बंद करतो. 9 ऑगस्टला आदिवासी दिनाच्या रॅलीत तारपा आला, ठाकरांचा कांबड नाच उभा राहिला, तिथेही हेच. आपला साऊंड त्यांच्यासाठी असतो, त्यांच्यावर चढण्यासाठी नाही.

काही मागण्या मात्र सरळ नाकाराव्या लागतात. रात्र चढली की एखादा घोळका येतो आणि दुसऱ्या समाजाला, दुसऱ्या गावाला डिवचणारं गाणं मागतो. नोटा दाखवतो, कधी दमही देतो. गाणं लावलं तर भांडण पाच मिनिटांत, आणि पोलिसांपुढे पहिला उभा राहतो तो डीजे. असली गाणी लॅपटॉपमध्ये ठेवूच नका, म्हणजे ‘नाहीये माझ्याकडे’ हे खरं असतं. भीमजयंतीची ऑर्डर घेतली तर भीमगीतं मनापासून ऐकून, गायक ओळखून जा. पॅकमधलं एक गाणं लावून लगेच आयटम साँगवर उडी मारणाऱ्याला पुढच्या 14 एप्रिलला कुणी बोलावत नाही.

दहाच्या आतला कळस

ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. वर्षातले काही ठराविक दिवस सरकार 12 पर्यंत सूट देतं. वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा. शाळा, दवाखाना, कोर्ट यांच्यापासून 100 मीटर शांतता क्षेत्र. पहाटेपर्यंत चालणारी हळद आता विसरा. पाहुणे दहाला वीस मिनिटं असताना तापणार असतील, तर तुमची आखणी चुकली. मी कळस सव्वानऊच्या आसपास धरतो आणि शेवटची पंधरा मिनिटं उतरणीची ठेवतो, म्हणजे बंद करताना हुज्जत होत नाही. दहानंतर माईकशिवाय बायकांची गाणी. हेही आधी घरच्यांशी बोलून ठेवा. आसनगाव-आटगावकडे पाहुणे लोकल बघून उठतात, तिथे कळस आणखी अलीकडे ओढावा लागतो. मुरबाडला रेल्वे नाही. पाहुणा मुक्कामाला असतो, तिथे घाई चालत नाही.

आणि कान सांभाळा. कामाच्या ठिकाणी 85 डेसिबलमध्ये आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानतात. दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला अवघी पंधरा मिनिटं. बेसच्या भिंतीशेजारी रात्र काढणाऱ्याला कानात बोळे घालायची लाज वाटते. पुढे बारीक आवाज ऐकू येईनासे झाले की तो आवाज आणखी वाढवतो. शेजारच्या गावाने बेस वाढवले म्हणून कर्ज काढून आपलेही वाढवणारे मी बघितलेत. पावसाळ्यात ऑर्डरी कमी होतात, हप्ते होत नाहीत.

शेवटचं सांगणं धंद्याचं आहे. मुरबाडकडे फार्महाऊस वाढले, तिथली शनिवारची मंडळी सलग टेक्नो मागतात. मी ती ऑर्डर घेत नाही. ते काम चांगलं करणारा एक पोरगा आहे, त्याचा नंबर देतो. तो मला हळदी पाठवतो. सुरुवातीला नाही म्हणताना पोटात गोळा येईल, त्या महिन्यात पैसेही कमी येतील. पण कुठली ऑर्डर तुमची नाही हे तुम्ही ठामपणे सांगू लागलात, की कुठली तुमची हे लोक आपणहून सांगतात. या हंगामात अशी एक तरी ऑर्डर दुसऱ्याला देऊन बघा.