तीन हजार पौंडांची साडीचोळी : विनोद, बहिणी आणि वियोग

‘स्त्रियांचे विनोदी लेखन’ म्हटले की आपल्याकडे समीक्षकाची लेखणी जरा सैल पडते. खुसखुशीत, हलकेफुलके, घरगुती ही तीन विशेषणे लावली की काम झाले. अभ्यासक्रमातही अशा कथेला शेवटचा तास मिळतो, तोही वेळ उरला तर. बहिणीबहिणींची गोष्ट, त्यात कुणाचे प्रेम, कुणाचा मृत्यू, आणि तरीही वाचताना हसू येते, अशा कथेवर प्रश्न आला की उत्तरपत्रिकांत ‘लेखिकेने दुःखावर विनोदाची फुंकर घातली आहे’ हे वाक्य हटकून सापडते. मला ते पटत नाही. चांगल्या लेखिकेच्या हातात विनोद हे मोजमापाचे साधन असते. काय गेले, किती गेले आणि कोणाच्या पदरात पडले, हे ती हसत हसत मोजून दाखवते.

हे दाखवण्यासाठी मी वर्गात जेन ऑस्टिनची ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ घेते. कादंबरी १८११ साली तीन खंडांत निघाली, आणि मुखपृष्ठावर लेखिकेचे नाव नव्हते, ‘एका स्त्रीने लिहिलेली’ एवढेच होते. मराठीच्या वर्गात इंग्रजी कादंबरी कशाला, असे विद्यार्थी पहिल्या दिवशी विचारतात. दुसरे प्रकरण वाचून झाले की कोणी विचारत नाही.

प्रसंग असा. नॉरलंडच्या घरातले वडील वारले. पहिल्या बायकोचा मुलगा जॉन डॅशवुड. दुसरी बायको आणि तिच्या तीन मुली, एलिनॉर, मॅरिअ‍ॅन आणि लहानगी मार्गारेट. इस्टेट एका म्हाताऱ्या चुलत्याच्या मृत्युपत्राने जॉनकडे आणि पुढे त्याच्या चार वर्षांच्या मुलाकडे जाते. मरताना वडिलांनी जॉनकडून सावत्र आई आणि बहिणींकडे लक्ष देण्याचे वचन घेतले आहे. जॉन काही दुष्ट नाही. वार्षिक ४००० पौंडांची नवी प्राप्ती समोर दिसत असल्याने तो उदार होतो आणि प्रत्येक बहिणीला १००० पौंड द्यायचे मनाशी ठरवतो. एकूण ३०००. मग तो हे बायकोला सांगतो.

इथून पुढे मी विद्यार्थ्यांना एक काम देते. वही उघडा, डावीकडे रक्कम लिहा, उजवीकडे ती कमी होण्याचे कारण लिहा. ३००० पासून सुरुवात. आपल्या छोट्याचे काय होईल, आणि सावत्र म्हणजे काही खरे नाते नव्हे, असे बायको फॅनी म्हणते. झाले १५००. या बहिणींना आईच्या माघारी प्रत्येकी ३००० हून जास्त मिळणारच आहेत, मग इतके तरी कशाला? तर आईला ती असेपर्यंत वर्षाला १०० द्यावेत. यावर फॅनीचा युक्तिवाद मराठी वाचकाला ओळखीचा वाटावा: वर्षासन बांधून दिले की माणसे मरतच नाहीत. तिच्या आईला तीन म्हाताऱ्या नोकरांना अशी वर्षासने द्यावी लागत आणि ते मेले मेले म्हणता मरत नसत! शिवाय सासूबाई जेमतेम चाळिशीच्या, प्रकृतीने धडधाकट. तेव्हा वर्षासनही नको, अधूनमधून ५० पौंडांची भेट पुरे. मग तेही नको. मामंजींच्या मनात पैसे नव्हतेच मुळी. बिऱ्हाड शोधायला मदत करावी, सामान हलवायला हातभार लावावा, हंगामात मासळी नि शिकार पाठवावी, एवढेच त्यांना म्हणायचे असणार. शेवटी फॅनी हिशेब मांडते की चौघींना मिळून वर्षाला ५०० पौंड, ना गाडी ना घोडे, खर्च तो काय? उलट त्याच आपल्याला काही देऊ शकतील! आणि जाता जाता तिला आठवते की घरातली चांगली चिनी मातीची भांडी सासूबाईंच्या वाट्याला गेली आहेत, हे काही बरे झाले नाही.

वह्या भरेपर्यंत वर्गात हशा पिकलेला असतो. मी एवढेच विचारते, की या प्रकरणात वडिलांच्या मृत्यूचे दुःख कुठे आहे? रडणे तर इथे कोणी करत नाही, आणि मुली या संवादात हजरही नाहीत. पण डावीकडच्या रकान्यात ते दुःख उतरताना स्पष्ट दिसते. बाप गेला म्हणजे काय गेले, याचे इतके नेमके वर्णन अश्रूंच्या दहा पानांत झाले नसते.

शब्दांविषयी थोडे. भाषांतर करू पाहणाऱ्यांना मी सुचवते की इथे ‘वार्षिकी’ हा कोशातला शब्द घेऊ नका. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे या संस्थानी गावांत वर्षासन, नेमणूक, चोळीबांगडी हे शब्द जुन्या घरांच्या कागदपत्रांत सापडतात, आणि त्यांच्याबरोबर देणाऱ्याचा उपकारही येतो. फॅनीला हवा तो नेमका हाच. आणि सबंध प्रकरणाला शीर्षक द्यायचे तर आपल्याकडे तयार वाक्प्रचार आहे: साडीचोळीवर बोळवण. जॉनने बहिणींची बोळवण मासळीवर केली, एवढाच फरक.

एक सावधगिरी मात्र हवी. लेखिकेचे चरित्र कळले की विद्यार्थी घाईने जोड्या लावतात. ऑस्टिनचे वडील १८०५ मध्ये बाथ येथे वारले आणि आई, जेन व थोरली बहीण कॅसँड्रा यांचे उत्पन्न एकदम आटले, हे खरे. पण तिच्या भावांनी वर्षाला ठरावीक रक्कम दिली, आणि १८०९ मध्ये एडवर्डने चॉटन येथे राहायला घर दिले. जॉन डॅशवुड म्हणजे तिचा भाऊ नव्हे. तिला ठाऊक होती ती दुसऱ्याच्या मर्जीवर बेतलेली मिळकत. भाऊ चांगले निघाले तरी ती मर्जीच.

आता बहिणींकडे येऊ. कॅसँड्राचा वाग्दत्त वर १७९७ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये पीतज्वराने गेला. तिने पुढे लग्न केले नाही, जेननेही केले नाही. जेनची आज उपलब्ध असलेली पत्रे साधारण १६०, त्यांतली बरीचशी कॅसँड्राला लिहिलेली. पुष्कळ पत्रे कॅसँड्राने पुढे जाळून टाकली. जी उरली त्यांत नृत्याचे समारंभ, टोप्या, शेजारपाजार यांची टिंगल भरपूर आहे. ती वाचताना जाणवते की हा विनोद समजावून सांगावा लागत नाही, कारण ऐकणारीला मागचे सगळे ठाऊक आहे. बहिणींच्या कथेतला विनोद मुळात असा असतो. त्याला प्रस्तावना लागत नाही. लागते ती समोर बहीण.

आणि कादंबरीत नेमकी तीच सोय ऑस्टिन एलिनॉरकडून काढून घेते. एलिनॉरचे प्रेम एडवर्ड फेरर्सवर. ल्युसी स्टील नावाची मुलगी गोड बोलून तिला सांगते की आपला एडवर्डशी चार वर्षांपूर्वीच गुपचूप वाङ्निश्चय झाला आहे, आणि हे कोणाला सांगायचे नाही. एलिनॉर शब्द देते आणि चार महिने पाळते. शेजारच्या खोलीत धाकटी मॅरिअ‍ॅन विलबीसाठी उघड आक्रोश करते आहे. थोरली तिची उशी सारखी करते आहे आणि स्वतःचे काही बोलू शकत नाही. बोलायला कोणी नाही म्हणून विनोद लेखिकेच्या निवेदनात शिरतो. बहिणीला सांगता न आलेले ती वाचकाला सांगते.

याचा कळस मला एका अगदी लहान प्रसंगात वाटतो. विलबी ५०,००० पौंडांच्या मुलीशी लग्न करतो आहे असे कळले आहे. लंडनला या दोघी ज्यांच्याकडे उतरल्या आहेत त्या मिसेस जेनिंग्ज म्हणजे बडबड्या, चौकस, कोणाचे कोणाशी जुळते याच्यावर टपलेल्या बाई. पहिल्या खंडात आपण त्यांना हसलो आहोत. मॅरिअ‍ॅनच्या प्रेमभंगावर त्यांचे उपचार म्हणजे गोड पदार्थ, ऑलिव्ह आणि शेकोटी. मग त्या उत्तम जुन्या कॉन्स्टँशिया मद्याचा पेला घेऊन येतात. दक्षिण आफ्रिकेतले हे मद्य त्यांच्या दिवंगत पतीला फार आवडे. वातविकार उसळला की यासारखे औषध नाही असे ते म्हणत. ते मॅरिअ‍ॅनला द्या. मॅरिअ‍ॅन नुकतीच झोपली आहे. तेव्हा एलिनॉर तो पेला स्वतःच पिते. वातविकाराशी तिला तूर्त कर्तव्य नाही, पण मोडलेल्या मनावर त्याचा गुण यायचाच असेल तर तो बहिणीवर तपासला काय नि आपल्यावर तपासला काय, असा विचार तिच्या मनात येतो.

एका पेल्यात किती गोष्टी आल्या पाहा. म्हाताऱ्या विधवेला नवऱ्याची आठवण झाली आहे, तिचे दुःखही त्यात आहे. हसण्याजोगी वाटलेली बाई घरातल्या सगळ्यांपेक्षा मायाळू आहे, हे आपल्याला इथे कळते. बहिणीच्या नावाचे औषध दुसरी बहीण पिते, आणि ते का, हे त्या घरात तिच्याखेरीज कोणालाच ठाऊक नाही. आपण हसतो, आणि ते हसू घशात थोडे अडते. ‘फुंकर’ हा शब्द इथे लावून पाहा, लागत नाही.

मराठीत या जातीचे हसू पाहायचे तर मी कादंबरी सोडून ‘स्मृतिचित्रे’कडे पाठवते. लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मकथन १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. सोवळ्याच्या वेडाने सगळे घर वेठीला धरणारे वडील असोत की नवऱ्याच्या धर्मांतरानंतरची ताटातुटीची वर्षे असोत, त्या कुठेही दुःखाला बाजूला बसवून विनोद करत नाहीत. दोन्ही एकाच वाक्यात असतात. प्रौढ वयात मागे वळून लिहिल्याने हे साधले असे कोणी म्हणतात. मला ते अर्धेच खरे वाटते. पुष्कळ जण प्रौढपणी मागे वळून नुसतेच गंभीर होतात.

आजच्या लेखिकांना, विशेषतः आमच्या वर्गातून लिहू लागलेल्या मुलींना, हा विषय जुना वाटायचे कारण नाही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क मिळाला. महाराष्ट्राने तशी तरतूद १९९४ मध्येच केली होती. कागदावर जॉन डॅशवुड संपला. पण वडील गेल्यावर बहिणींना बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेणे आणि निघताना प्रत्येकीला साडी देणे हा प्रकार आपल्या माहितीच्या किती घरांत झाला, हे ज्याने त्याने मोजावे. त्या दिवशीचा स्वयंपाक काय होता, साड्यांचे रंग कोणी निवडले, भावजय कोणत्या क्षणी ‘ताईंना काय कमी आहे’ म्हणाली, आईचे पोळपाट-लाटणे कोणी मागून घेतले, हे बहिणी पुढे वर्षानुवर्षे एकमेकींना सांगतात आणि पोट धरून हसतात. मी ऐकलेले असे किस्से फार क्वचित कथेत उतरलेले दिसतात. उतरतात तेव्हा भाऊ खलनायक होतो, बहीण अश्रू ढाळते आणि हसू बाहेरच राहते. रकमा तर कोणी लिहीतच नाही. लिहा. किती गुंठे, कोणत्या गावचे, साडी कितीची, हे आकडे कथेला जड होत नाहीत; तिला उभे करतात.

गेल्या वर्षी कॉन्स्टँशियाचा परिच्छेद मराठीत आणायला दिला होता. कोणी ‘मद्य’ लिहिले, कोणी सरळ ‘काढा’. एका विद्यार्थिनीने ‘द्राक्षासव’ लिहिले, तेव्हा वर्ग हसला आणि मीही हसले. भाषांतरात ते चालणार नाही. मिसेस जेनिंग्जच्या कपाटात द्राक्षासवाची बाटली असू शकत नाही. पण हाच प्रसंग तिने इंदुरातल्या दोन बहिणींवर बेतून स्वतंत्र लिहिला, तर कपाटातून निघणारी बाटली तीच असायला हवी. तिला मी एकच गोष्ट सुचवली. बाटली देणाऱ्या म्हातारीने आधी ‘आमच्या ह्यांना अपचनावर याचा फार गुण यायचा’ असे म्हटले पाहिजे, आणि ते म्हणताना तिने क्षणभर थांबले पाहिजे.