वाक्य एक, भाषा दोन

प्रश्न : मिस्टर तमिळनाडूतल्या आवडी इथल्या रणगाडा कारखान्यात आहेत. अडीच वर्षांचा मुलगा 'आई, तण्णी (पाणी) हवं' म्हणतो. सासूबाईंना वाटतं, भाषांच्या गोंधळात त्याचं बोलणं मागे पडेल. काय करू? – एक आई, आवडी

उत्तर : ताई, अजिबात घाबरू नका. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मूल उशिरा बोलतं, याला शास्त्रीय आधार नाही. तमिळ शब्द तो मराठी वाक्यात बरोबर बसवतोय, ही हुशारीच आहे. शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांचे मिळून मोजा. दोन वर्षं उलटूनही मूल दोन शब्द जोडत नसेल किंवा हाकेला वळत नसेल, तर मात्र वेळ न घालवता कान तपासून घ्यायचे आणि वाचा-उपचारतज्ज्ञांना भेटायचं.

तमिळ तोडू नका, त्याचे सवंगडी त्याच भाषेत आहेत. तो 'तण्णी' म्हणाला की न रागावता 'हो, पाणी देते, माठातलं गार पाणी' म्हणत पेला पुढे करा. आंघोळ, जेवण, झोपतानाची गोष्ट मराठीतच होऊ द्या. आजीशी व्हिडिओ कॉल जरूर करा, पण मराठी यावी म्हणून कार्टून लावून देऊ नका. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलं आहे.