गोपनीय अहवालातील प्रशंसा

केंद्र शासनाच्या सेवेत दीर्घकाळ एक विचित्र प्रथा होती. वार्षिक गोपनीय अहवालात वरिष्ठाने प्रतिकूल शेरा लिहिला, तर तो संबंधित कर्मचाऱ्याला कळविला जाई. अनुकूल शेरा मात्र बहुधा फाइलीतच राही. दोष कानावर येत, गुण येत नसत.

कार्यप्रेरणेच्या दृष्टीने ही प्रथा उलटीच म्हणावी लागेल. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग व त्याच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व लेखापालांच्या मुलाखतींवरून १९५९ मध्ये द्विघटक सिद्धांत मांडला. वेतन, पर्यवेक्षण वा कार्यालयीन धोरण सदोष असल्यास असंतोष वाढतो; परंतु त्यांत सुधारणा झाल्याने माणूस कामात रमतोच असे नाही. समाधान देणाऱ्या घटकांत कार्यसिद्धीच्या खालोखाल कामाची दखल येते. शासकीय कार्यालयात या निष्कर्षाला विशेष अर्थ आहे. वेतनश्रेणी नियमांनी ठरते. कार्यालयप्रमुख सहकाऱ्याचे वेतन वाढवू शकत नाही, दखल मात्र घेऊ शकतो.

न घेतलेली अथवा न कळविलेली दखल किती महाग पडते, हे देव दत्त विरुद्ध भारत सरकार (२००८) या खटल्यात दिसले. सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतील या अधिकाऱ्याला १९९३-९४ च्या अहवालात ‘चांगला’ हा शेरा मिळाला होता. पदोन्नतीसाठी ‘अतिशय चांगला’ ही अट असल्याने तो वगळला गेला. ‘चांगला’ हा शेरा प्रतिकूल कसा, म्हणून त्याला कधी कळविलाच नव्हता! लष्करी सेवा वगळता प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळविली पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्यानंतर १४ मे २००९ च्या आदेशाने संपूर्ण अहवाल दाखविण्याची व त्यावर १५ दिवसांत निवेदन करण्याची तरतूद झाली. २०१३ मध्ये सुखदेव सिंग खटल्यात त्रिसदस्यीय पीठाने हेच तत्त्व कायम केले.

खुलेपणातून नवी अडचणही उद्भवते. रोज समोर बसणाऱ्या सहकाऱ्याला कमी गुण देणे वरिष्ठाला अवघड वाटते, आणि सर्वच ‘उत्कृष्ट’ ठरले की खऱ्या कामाची ओळख पुसली जाते. म्हणूनच दहापैकी नऊ वा दहा गुण क्वचितच द्यावेत आणि ते देताना विशिष्ट कामगिरी नमूद करावी, अशी मार्गदर्शक सूचना आहे.

लोकप्रशासनातील उत्कृष्टतेसाठी पंतप्रधान पुरस्कार २००६ पासून सुरू झाले व ते २१ एप्रिलच्या नागरी सेवा दिनी दिले जातात. असे सन्मान थोड्यांनाच लाभणार. आवक-जावक नोंदवहीत वर्षभर एकही पत्र हरवू न देणाऱ्या लिपिकाचे नाव तेथवर पोचत नाही. त्याची दखल घेऊ शकतो तो त्याचा शाखाधिकारीच. ‘काम समाधानकारक’ या ठरावीक शेऱ्याऐवजी नेमके हेच एक वाक्य अहवालात लिहिण्यास त्याला कोणताही नियम आडवा येत नाही.