सहल आश्विनातली, तयारी पौषातली



दर वर्षी घटस्थापना जवळ आली की शाळेत एकच प्रश्न ऐकू येतो, “यंदा सहल कुठे?” हा प्रश्न आम्हांला आवडतो. पण तो नऊ महिने उशिरा विचारला जातो, असे आता आमचे मत झाले आहे. ते का झाले, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

पुढच्या आश्विनात शाळेची सहल औरंगाबादला, म्हणजे २०२३ पासूनच्या अधिकृत नावाने छत्रपती संभाजीनगरला, नेण्याचा विचार आहे. या एका सहलीचे नियोजन करताना इतिहास, भूगोल आणि गणित हे तिन्ही विषय कसे कामाला येतात, तेही आपण पाहू.

हेच शहर का?

पहिले कारण असे की हे शहर आपल्याला परके नाही. १९५६ पर्यंत आदिलाबाद आणि औरंगाबाद हे दोन्ही जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते. आज नांदेड जिल्ह्यात असलेला किनवट तालुका त्या वेळी आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यांची सीमा बदलली, पण सोयरीक तुटली नाही. आपल्यापैकी कित्येकांचे मामा, आत्या, मावशा आजही त्या बाजूला आहेत.

दुसरे कारण म्हणजे हैदराबादच्या आधी निजामाची राजधानी औरंगाबादच होती. १७६३ मध्ये ती हैदराबादला हलली. त्याही आधी, १६१० साली, मलिक अंबर याने खडकी या नावाने हे शहर वसवले. तो आफ्रिकेतून गुलाम म्हणून आला होता आणि पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. शहराजवळच दौलताबादचा किल्ला आहे, तोच जुना देवगिरी. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी लिहिली गेली, तेव्हा देवगिरीवर रामचंद्रदेव यादव राज्य करीत होता. त्याच काळात इकडे वारंगळला काकतीयांचे राज्य होते. तेलंगणाच्या पुस्तकात तुम्ही काकतीय शिकता आणि घरी आजीकडून ज्ञानोबा ऐकता. हे दोन शेजारी होते, ही गोष्ट त्या किल्ल्यावर उभे राहिल्यावर पटकन समजते.

तिसरे कारण लेण्यांचे. आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. ‘एलोरा’ हे नाव आम्ही पुस्तकात वाचले होते. घरी ज्याला वेरूळ म्हणतात ते हेच, हे आम्हांला फार उशिरा कळले. तुमचे तसे होऊ नये.

आमची एक चूक

काही वर्षांपूर्वी आम्ही वेरूळला सहल नेली होती. गाडी ठरली, डबे बांधले गेले, मुले रात्रभर गाणी म्हणत होती. सकाळी लेण्यांपाशी पोचलो, तो फाटक बंद. वार मंगळवार होता. वेरूळची लेणी दर मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची दर सोमवारी. ही साधी गोष्ट आम्ही कोणाला विचारली नव्हती. दोष आमचाच होता.

सातवीतली एक मुलगी फाटकाचा गज धरून आत पाहत उभी राहिली. काही बोलली नाही. तिच्या वडिलांनी कापूस घरात येण्याआधी व्यापाऱ्याकडून उचल घेऊन सहलीचे पैसे भरले होते, हे आम्हांला नंतर समजले. आम्ही तिला म्हटले, “बाळ, पुढच्या वर्षी परत येऊ.” पुढच्या वर्षी ती शाळेत नव्हती.

त्याच सहलीच्या वेळी सात मुलांनी ‘तब्येत बरी नाही’ अशी चिठ्ठी दिली होती. आम्ही चौकशी केली, तेव्हा त्यांतले एकही मूल आजारी नव्हते. घरात पैसे नव्हते.

तेव्हापासून आम्ही ठरवले की सहलीची तारीख एका कॅलेंडरवरून काढायची नाही. तीन पंचांगे मांडून काढायची.

पहिले पंचांग : पाऊस आणि वार

भाद्रपदाच्या शेवटी आणि आश्विनाच्या सुरुवातीला पावसाचा जोर ओसरतो. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मोसमी वारे आपल्याकडून आणि मराठवाड्यातून साधारणपणे माघार घेतात. डोंगर हिरवे असतात, ओढ्यांना पाणी असते, उन्हाळ्यासारखा दगड तापलेला नसतो. मात्र एखादी सर केव्हाही येते. म्हणून छत्री किंवा रेनकोट हवाच. ऑक्टोबरचे दुपारचे ऊनही चटका देते, म्हणून किल्ल्याची चढण सकाळीच चढावी.

आता वार पाहू. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. म्हणून मंगळवारी आदिलाबादहून निघावे. किनवट, मुदखेड, नांदेड, परभणी, जालना असा हा सुमारे चारशे किलोमीटरचा लोहमार्ग आहे.

बुधवारी सकाळी दौलताबाद. ते शहरापासून सुमारे पंधरा किलोमीटरवर, वेरूळच्याच रस्त्यावर आहे. तेथून पुढे दुपारी वेरूळ. कैलास लेण्याचे तोंड पश्चिमेला आहे, म्हणून दुपारनंतर तेथे उजेड चांगला पडतो. वेरूळला एकूण ३४ लेणी मोजतात. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. सोळावे कैलास. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात ते वरून खाली कोरत आणले. आधी कळस, मग पाया. एकही दगड रचलेला नाही.

गुरुवारी अजिंठा. शहरापासून सुमारे शंभर किलोमीटर, म्हणून पहाटे निघावे लागेल. शेवटचे चार किलोमीटर तेथील बसनेच जावे लागते. चित्रे असलेल्या लेण्यांत एका वेळी थोड्याच लोकांना सोडतात आणि फ्लॅश वापरू देत नाहीत. याचे कारण समजून घ्या. १९१४ मध्ये निजाम सरकारने पुरातत्त्व खाते काढले. या खात्याने १९२० च्या सुमारास इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ बोलावले आणि सुटत चाललेली चित्रे भिंतीला पुन्हा चिकटवून घेतली. त्यांनी लावलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडला आणि तो काढण्याचे काम नंतरच्यांना करावे लागले. चांगल्या हेतूने केलेली गोष्टही नीट विचार केला नाही तर त्रास देते, असा धडा अजिंठ्याची भिंत देते. आणि इटलीचेच म्हणाल, तर फ्लॉरेन्स शहरातले उफिझी हे प्रसिद्ध चित्रसंग्रहालयही सोमवारी बंद असते. वार पाहून निघणे तिथल्या प्रवाशालाही चुकलेले नाही.

शुक्रवारी शहर. सकाळी पाणचक्की, मग बीबी का मकबरा. डोंगराकडचे पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर दळणाचे जाते फिरवले, हे पाणचक्कीत डोळ्यांनी पाहता येते. विज्ञानाच्या तासाचे निम्मे काम तेथेच होईल. रात्रीच्या गाडीने परत. शनिवारी मुले घरी.

दुसरे पंचांग : सण

महाराष्ट्रात शाळांची मोठी सुट्टी दिवाळीत असते. आपल्याकडे तेलंगणात ती बतुकम्मा-दसऱ्याला मिळते. म्हणजे आपण जाऊ तेव्हा तिकडच्या शाळा चालू असतील आणि लेण्यांत गर्दी कमी असेल. दिवाळीत जायचे नाही, याला आणखी एक कारण आहे. आपल्या शाळेत गोंड घरांतली मुले आहेत. दिवाळीत त्यांच्या गावी दंडारी असते, गुसाडी नाचतात. त्या दिवसांत त्यांना घराबाहेर नेणे योग्य नाही.

तसेच सद्दुल बतुकम्माला आपल्या मुली घरी हव्यात. म्हणून सहल सुट्टीच्या पहिल्या आठवड्यातच व्हावी. दसऱ्याच्या आसपास गाडीत बसू नये. १९५६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला अशोक विजयादशमीच्या दिवशी धम्मदीक्षा घेतली. त्या स्मरणासाठी मराठवाड्यातून मोठा समाज दरवर्षी नागपूरला जातो आणि त्या दिवसांत गाड्या भरलेल्या असतात.

रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते. म्हणजे श्रावणात. त्या आधी मुलांची पक्की यादी आमच्या हाती पाहिजे.

तिसरे पंचांग : पैसा

हे पंचांग कोठे छापून मिळत नाही, पण प्रत्येक आईला ते पाठ असते. आश्विनात डोंगर हिरवा असतो आणि घरचा डबा रिकामा. सोयाबीन नुकतेच निघत असते. कापसाची पहिली वेचणी होत असते, पण त्याचा पैसा हाती आलेला नसतो. जी वेळ निसर्गाला सोयीची, तीच शेतकऱ्याला सर्वांत अडचणीची. ऐन आश्विनात सहलीची वर्गणी मागणे म्हणजे बापाला व्यापाऱ्याच्या दारात पाठवणे होय. हे काम शाळेने करू नये.

पैसा पौषात असतो, कापूस विकल्यावर. म्हणून वर्गणी पौषापासून सुरू व्हावी.

हिशेब साधा आहे. समजा माणशी खर्च १,८०० रुपये येतो. पौष ते भाद्रपद नऊ महिने. १,८०० भागिले ९, म्हणजे महिन्याला २०० रुपये. ज्यांचा कापूस विकला गेला त्यांनी पौषातच सर्व भरले तरी चालेल. जे मजुरी करतात त्यांनी आठवडी बाजाराच्या दिवशी पन्नास रुपये भरले तरी भाद्रपदापर्यंत रक्कम पुरी होते. एखाद्या महिन्यात जमले नाही, तर मुलाला वर्गात उभे करून विचारले जाणार नाही. हा आमचा शब्द आहे. मूल शाळा सोडून गेले, तर भरलेली पूर्ण रक्कम पालकांना परत मिळेल.

विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की दर दहा मुलांमागे एका मुलाचा खर्च सहल निधीतून उचलावा. कोणाचा उचलला हे मुलांना कळू नये. जमाखर्चात फक्त आकडे असतील आणि तो फलकावर लावला जाईल. पुरातत्त्व खात्याच्या लेण्यांत, किल्ल्यात आणि मकबऱ्यात पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश फी लागत नाही. त्यासाठी वयाचा दाखला जवळ ठेवावा, म्हणजे तेवढा खर्च वाचेल. मुलींबरोबर दोन शिक्षिका असतील आणि मुक्कामाची जागा आम्ही स्वतः आधी जाऊन पाहून येऊ. या वेळी फोनवर विश्वासून निघणार नाही.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. पुढच्या वर्षीचे कॅलेंडर घेऊन घटस्थापना आणि दसरा कोणत्या वारी येतात ते पाहा. आपली मंगळवार ते शनिवार ही सहल कोठे बसते?
२. आदिलाबाद ते छत्रपती संभाजीनगर हा रेल्वेमार्ग नकाशावर काढा. वाटेत गोदावरी कोणकोणत्या गावांजवळून वाहते ते दाखवा.
३. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा, आपल्या घरचे कोणी औरंगाबादला गेले होते का? कशासाठी? दहा ओळी लिहून आणा.
४. महिना १५० रुपये भरले, तर नऊ महिन्यांत किती कमी पडतील? ते कसे भरून काढता येतील?

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा कापसाच्या गाड्या बाजारात जात असतील. त्यातले थोडे बाजूला ठेवा. त्या मुलीला दिलेला शब्द आम्हांला पाळता आला नाही. निदान तुमच्यापैकी एकालाही बंद फाटकाबाहेर उभे राहावे लागू नये आणि एकालाही खोटी चिठ्ठी लिहावी लागू नये, एवढी व्यवस्था आपण सर्व मिळून करू.

आपले,
मुख्याध्यापक