संयोजी ऊती आणि जखमेचा व्रण

जखम वरून मिटली म्हणजे ती भरली, असा समज सर्वत्र आढळतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांच्यात होणाऱ्या गोटमारीत दरवर्षी अनेकजण दगडांनी जखमी होतात. त्यांच्या दृष्टीने तर हा समज तपासून पाहणे अगत्याचे आहे.

बोकड सोलताना कातडे व मांस यांच्यामध्ये जो पांढुरका, ताणला जाणारा पापुद्रा दिसतो, ती विरल संयोजी ऊती होय. अवयवांना जोडणे व आधार देणे हे तिचे कार्य. कूर्चा, अस्थी, मेद, इतकेच नव्हे तर रक्तही याच कुळात गणले जाते. हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या रंगांनी रंगविलेला तिचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली चारशे पट मोठा करून पाहिला असता पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसून विखुरलेल्या दिसतात. त्यांची केंद्रके निळसर जांभळी, तर मधून नागमोडी जाणारे कोलॅजनचे जुडगे गुलाबी असतात. चातीसारख्या निमुळत्या दिसणाऱ्या तंतुजनक पेशी हे कोलॅजन निर्माण करतात.

जखम झाल्यावर काही दिवसांत याच पेशी नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांसह तेथे शिरतात. प्रारंभीचे कोलॅजन बारीक व दुबळे असते. पुढे अनेक आठवडे ते मोडून त्या जागी जाड तंतू घातले जातात. पहिल्या आठवड्याअखेर जखमेची ताकद मूळ त्वचेच्या जेमतेम एकदशांश, तर तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्के असते. त्यापुढे ती फारशी वाढत नाही. जुन्या व्रणाच्या छेदात दाट तंतू व तुरळक पेशी दिसतात. केसांची मुळे व घर्मग्रंथी दिसत नाहीत. व्रणावर केस का उगवत नाहीत, याचे उत्तर काचपट्टीवरच मिळते.

कोलॅजनला बळकटी येण्यास क जीवनसत्त्व लागते. जेम्स लिंड याने १७४७ साली ज्या स्कर्व्ही रोगावर खलाशांना संत्री व लिंबे देऊन पाहिली, त्या रोगात जुने व्रणही उकलतात. कारण व्रणातील कोलॅजन सतत झिजते व नव्याने घडते. सौंसर-पांढुर्ण्याच्या संत्र्यांत हे जीवनसत्त्व विपुल असले, तरी गोटमारीच्या सुमारास बागेतील फळ हिरवेच असते. त्या दिवसांत पेरू व लिंबू उपयोगी पडतात.

मातीने माखलेली जखम साबण व स्वच्छ पाण्याने धुवावी; तीत राख वा शेण भरू नये. धनुर्वाताच्या लशीसाठी त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. टाके निघाल्यानंतरही तो भाग काही आठवडे ओझ्यापासून व ताणापासून जपावा.