कोणाचा परफॉर्मन्स, हे आधी विचार

अगं, चिनी मुलांना इंग्रजी शिकवायला घेतलंस ना, मग एक ऐक माझं. धड्यात 'परफॉर्मन्स' आला की फळ्यावर एकच चिनी शब्द लिहून मोकळी होऊ नकोस.

त्यांच्याकडे जागेप्रमाणे शब्द बदलतो. रंगमंचावर होतो तो ब्याओयेन. माणूस वर्गात, कामावर कसा वागतो, कसा उठून दिसतो, ते ब्याओश्येन. फोनचा, इंजिनाचा असतो तो शिंगनंग. कंपनीने धंदा किती केला ते येजी, आणि कर्मचाऱ्याच्या कामाचं मूल्यमापन होतं, त्याला जोडून पगार मिळतो, ते जीश्याओ. कराराची पूर्तता म्हणजे ल्यूशिंग, पण ते वकिलीचं इंग्रजी शिकणाऱ्यांपुरतं ठेव.

खरा घोटाळा ब्याओश्येनचा. चिनी शाळेत बाई पालकांना म्हणतात, मुलाचा ब्याओश्येन छान आहे, तेव्हा त्यात शिस्त, लक्ष, उत्तराला हात वर करणं, सगळं येतं. गुणांना शब्दच वेगळा, छंगजी. इंग्रजी प्रगतिपुस्तकातला 'अकॅडेमिक परफॉर्मन्स' मात्र मुख्यतः गुणांबद्दल बोलतो. मन लावून बसणाऱ्या पोराने 'पुअर परफॉर्मन्स' वाचलं, की त्याला वाटतं, बाईंनी माझ्या वागण्यालाच नावं ठेवली. फार लागतं गं ते जिवाला. शेरा हातात पडायच्या आधीच समजावून सांग.

दुसरं इंग्रजीतल्या 'अ'चं. चिनीत इंग्रजीसारखे 'अ', 'द' नाहीत, म्हणून मुलं ते कुठेही घालतात नाहीतर गाळतात. पण मोजताना त्यांना मापशब्द लागतो, आणि नाटक-मैफलीचा मापशब्द आहे छांग. 'ई छांग ब्याओयेन' म्हणजे एक प्रयोग. त्यांना म्हणावं, छांग लावून पाहा. लागला तर 'अ परफॉर्मन्स'. शिंगनंगला छांग लागत नाही, तसा यंत्राच्या परफॉर्मन्सला बहुतेक वेळा 'अ' लागत नाही. खेळाडूचं तेवढं निराळं: चिनीत तो ब्याओश्येन, तरी इंग्रजीत एका सामन्यातल्या खेळाला 'अ' खुशाल चालतो. हा अपवाद तू स्वतःहून दाखव, नाहीतर क्रिकेट-फुटबॉलच्या बातम्या वाचताना मुलं गोंधळतील.

उद्या वर्गात फोनची जाहिरात, नाटकाचं तिकीट आणि एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल घेऊन जा. प्रत्येक ठिकाणी अर्थ विचारण्याआधी 'कोणाचा?' एवढंच विचार, आणि चिनी शब्द त्यांनाच सांगू दे.